करंगळीला मानवणारं पोलाद

नवरा गेला आणि नणंद राहिली, असं मी सात वर्षं चारचौघांत हसत सांगत आलेय. आक्का आठ दिवसांसाठी म्हणून आल्या होत्या. रस्ते झाडायची मोठी गाडी चालवतात. घरी आल्या की धुळीचे बूट थेट माझ्या ग्राइंडरखाली काढतात आणि वर मलाच विचारतात, "इथं इतका कचरा कसा गं?" आम्ही भांडलो नाही असा दिवस शोधून सापडायचा नाही.

मी कुलूपवाली. घराची पुढची खोली हेच माझं दुकान. दार ओढलं गेलं आणि चावी आतच राहिली की लोक मला बोलावतात, आणि मी कुलूप न फोडता उघडून देते. ड्रिल लावून फोडायला काय, कुणीही येईल. माझी सगळी कला उजव्या हाताच्या तीन बोटांत होती. चावीच्या भोकात आकडा घालून आतली एकेक पिन वर ढकलायची. ती जागेवर बसली की बारीकसा धक्का येतो, तो बोटांना कळला पाहिजे. गेल्या वर्षी मनगटात शीर दबली. ऑपरेशन झालं, दुखणं थांबलं, पण अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं बधिर ती बधिरच राहिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आहे तेवढ्यात भागवा."

भागवा म्हणे! पाच पिनांपैकी मला एकही कळेना. शेवटी दुकान बंद करायचं ठरवलं आणि कुलूप घट्ट पकडून ठेवणारा टेबलाचा शिकंजा सोडवायला बसले. आक्कांनी चहा आणून दिला. कप बधिर बोटांत कसाबसा धरला, तो कलंडला आणि चहा हातावर. मी जी किंचाळले! दुसरी कुणी असती तर फडकं आणायला धावली असती. या बाई नुसत्या बघत राहिल्या.

"कुठं भाजलं?"

"हातावर! दिसत नाही का?"

"हाताला कुठं, ते विचारतेय."

मी बघितलं. करंगळी आणि तिच्या बाजूची कड लाल झाली होती. आक्कांनी केसातली पिन काढली, मला डोळे मिटायला लावले आणि एकेक बोट टोचत सुटल्या. करंगळीला टोचल्यावर मी पुन्हा ओरडले.

"अगं, ही धडधाकट आहे की!"

"करंगळीनं कुलूप उघडतं का कुणी?"

"तू उघड. तेवढा वेळ तुझं तोंड तरी बंद राहील."

राग आला. पण शिकंजा पुन्हा आवळला.

आता आकड्याची शेपटी अशी वाकलेली हवी होती की ती तळव्यावरून येऊन करंगळीला टेकेल. माझे जुने आकडे सगळे हॅक्सॉ ब्लेडचे, सरळसोट. ब्लेडचं पोलाद कडक. पकडीत धरून वाकवलं, तर काडकन तुटलं आणि तुकडा कपाळावर बसला. दुसरं तापवून वाकवलं. वाकलं छान, पण तापवल्यानं पोलादाचं पाणीच उतरलं, आणि पिनेवर जोर दिला तर आकडाच मान टाकायला लागला. वीस वर्षं या धंद्यात, आणि नवशिक्यासारखी चूक! मग गाडीच्या वायपरमधली पट्टी काढली. ती इतकी पातळ की पिनेचा धक्का करंगळीपर्यंत पोचायच्या आतच जिरून जायचा. छत्रीची काडी तर बोलायलाच नको.

पाचव्या दिवशी मी पक्कड फेकली. आक्कांनी ती उचलून जागेवर ठेवली, आणि त्या पसारा आवरायला लागल्या म्हणजे काहीतरी शिजतंय हे मला कळायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी टेबलावर मूठभर चपट्या, गंजक्या तारा ओतल्या.

"हे काय? झाला तेवढा कचरा कमी पडला?"

"माझ्या गाडीच्या ब्रशातल्या आहेत. रोज तुटून रस्त्यावर पडतात. दिवसभर डांबर घासतात, दगडावर आपटतात, वाकतात, तरी मोडता मोडत नाहीत. बघ तरी."

त्या दिवशी गाडी बंद करून, पाठीत उसण भरलेली असताना, त्या रस्त्याच्या कडेनं वाकून तारा वेचत फिरल्या होत्या. हे त्यांनी सांगितलं नाही. त्यांच्या गाडीवरच्या जोडीदारणीनं मागाहून सांगितलं.

तार पकडीनं थंडच वाकवली. वाकली, आणि वाकली तशी राहिली. टोक ग्राइंडरवर घासताना दर दोन सेकंदांनी पाण्यात बुडवत होते, निळसर झाक आली म्हणजे पाणी उतरलं, ती येऊ दिली नाही. शेपटी करंगळीला टेकवली, डाव्या हातानं कुलपाला फिरवायच्या दिशेनं ताण दिला आणि पहिली पिन हलकेच वर ढकलली. टक्. करंगळीच्या हाडात! लगेच दुसरी ढकलली. पुढं चार दिवस शिकंज्यातलं ते एकच कुलूप उघडत राहिले, पहिल्यांदा तासाभरात आणि शेवटी सात मिनिटांत.

पण शिकंज्यातलं कुलूप वेगळं आणि माणसाचं दार वेगळं. पाचव्या दिवशी बोलावणं आलं: तिसरा मजला, एक शिक्षिका, दोन्ही हातांत पिशव्या, चावी आत. "तुम्ही पण चला," मी आक्कांना म्हटलं. कारण सांगितलं नाही. हे दार जमलं नसतं, तर मी दुकान खरंच बंद करणार होते.

एक बसली. दोन. तिसरी निसटली, घाम फुटला. आक्का जिन्यावर बसून बघत होत्या. पुन्हा पहिल्यापासून. चौथी, पाचवी, आणि कुलूप फिरलं. दार उघडलं.

मी ते परत ओढून घेतलं.

"अहो बाई!" शिक्षिका किंचाळल्या. "उघडलं होतं ना!"

"पाच मिनिटं द्या. नशिबानं उघडलं की मी उघडलं, हे मला कळू दे."

दुसऱ्यांदा चार मिनिटं लागली. शिक्षिका पुटपुटत आत गेल्या, आणि मी तिथंच आक्कांशेजारी पायरीवर बसून रडले. लाज सोडून, आवाज करून.

"आक्का, तुम्ही होतात म्हणून. नाहीतर आज मी घरात बसले असते. तुमचे उपकार मी..."

"उपकार कसले? तू घरात बसली असतीस, तर दिवसभर तुझी कटकट मलाच ऐकावी लागली असती. माझ्या स्वार्थासाठी केलं मी." बोलताना त्यांचा आवाज फाटला, आणि त्यांनी पदर तोंडाला लावला.

सात वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना उलट उत्तर दिलं नाही.