तीन हलके, तीन जड

अगं ऐक ना, मध्ये बोलू नकोस, आधी ऐक. दादा गेल्यावर त्याची स्कूटर वहिनीकडे आली, म्हणजे दुसरं कोण चालवणार? तिला रोज हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत कामाला जायचं असतं. पण दादाने तिच्यात हलके रोलर घातले होते. तुला माहितीये ना, स्कूटरला गिअर नसतात, डाव्या कव्हरखाली एक वाटी असते, तिच्यात सहा गोल वजनं, तेच रोलर. हलकी घातली की इंजिन आधी बोंबलतं, मग स्कूटर उडी मारते. जड घातली की गुपचूप निघते, पण चढावर धापा टाकते.

तर वहिनी फाटकात आपटली. गुडघा फुटला, पण रडली नाही. आमच्याकडे हल्ली कुणी रडतच नाही, सगळे नुसते जेवतात आणि भांडी घासतात.

मला म्हणाली, "ठके, वजनं बदल. आणि ह्यांचा तो आवाजही घालव. मी आले की आई धावत येऊन दार उघडतात, मग मला बघतात. त्यांचं तोंड बघवत नाही गं."

मी कव्हर खोलायला बसले, तर आई मागे येऊन उभी. "स्क्रू उरले तर तुलाच त्यांची माळ घालीन," म्हणाली. मग हळूच, "आवाज तोच राहू दे हं. तेवढंच दार उघडायला उठते मी."

आता बोल. मी रोलर हातात घेऊन बसले. एका बाजूने घासून चपटे झालेले. मला काही वाटायला हवं होतं ना? काहीच वाटलं नाही. हात ग्रीसने काळे झालेत, एवढंच कळत होतं.

स्पेअरपार्टवाले काका म्हणाले, "शर्यतीला निघालीस की भाजीला? सगळे जड घातलेस तर हॉस्पिटलचा चढ चढणार नाही. तीन जुने हलके, तीन नवे जड घाल, एकाआड एक. वाटी डुगडुगायला नको." मी म्हटलं, चला, दोघींचंही मन राहील. जुन्यातले कमी झिजलेले तीन निवडले.

संध्याकाळी वहिनी आली. स्कूटर उसळली नाही, चढही चढली म्हणे. आवाज मात्र दादाचाही नाही आणि नव्या गाडीचाही नाही, भलताच. आई स्वयंपाकघरातच बसून राहिली. वहिनीने बेल वाजवली तेव्हा आतून विचारलं, "कोण आहे?"

वहिनी म्हणाली, "मी आहे, आई." आणि चपला काढून आत गेली, बास.

जेवणं झाली. नंतर वहिनी मोरीत मला म्हणाली, "छान झालं. असंच राहू दे." आणि ती गेल्यावर आई हात पुसत म्हणाली, "उद्या जुने परत घाल." दोघी एकमेकींसमोर बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, पण नाही. दोघी मलाच सांगतात.

वहिनी सकाळी लवकर निघते. स्कूटर दारात आहे, पाना माझ्याकडे आहे. तू असतीस तर काय केलं असतंस गं?