वाढत्या वस्तीतली वांगी

जळगावला बदली झाली तेव्हा ज्याने त्याने मला एकच सल्ला दिला, वाढत्या वस्तीत घर कर. आज कुणी ‘वाढती वस्ती’ म्हटलं की मी तिथून उठतो. ती काय खाऊन वाढते हे विचारायची अक्कल मला तेव्हा नव्हती. आणि अक्कल आली तेव्हा मी ती कशी वापरली, तेच सांगायचं आहे.

सन अडतीसची गोष्ट. धुळ्याला मी एका कापसाच्या पेढीत नोकरीला होतो. पेढीने जळगावला सरकी काढायचा नवा जिन घेतला आणि मला तिथे कापूस तोलायच्या काट्यावर पाठवलं. बायको यशोदा धुळ्यालाच थांबली. घर पाहायला मी माझ्या मायला, भागाबाईला, बरोबर घेतलं. माय जन्मभर शेतात राबलेली. तिच्या पदराच्या गाठीला पसाभर तुरीची डाळ होती. नव्या जागेचं पाणी कसं आहे ते आमच्यात डाळीला विचारतात. शिजली तर राहायचं, टणक राहिली तर पुढे चालायचं.

आधी जुन्या गावात एक घर पाहिलं. अरुंद बोळ, दारासमोर उघडं गटार, आणि ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याची जात काढणारे चार म्हातारे. मायने शेजारणीच्या चुलीवर डाळ चढवली. दोन तासांनी दाणा दाबून पाहिला आणि ती उठली. मेहरूणकडे तळ्याकाठी हवा छान होती, पण तिथून जिन लांब पडत होता.

मग भेटले झुलाल नाना. कडक धोतर, कपाळाला गंध, बोलणं असं की गुळाची ढेप फिकी पडावी. गावाबाहेर त्यांनी प्लॉट पाडले होते. पाच-सात घरं उभी होती, आणखी तितक्याच घरांच्या पायाची खोदाई चालली होती. दोन वर्षांत इथे शाळा येईल, बाजार येईल, आज घ्याल तो शहाणा, असं ते सांगत होते. मी नुसती मान डोलावत होतो. मायचं लक्ष मात्र त्यांच्या बोलण्याकडे नव्हतंच. रिकाम्या प्लॉटवर कुणी वांगी लावली होती, ती पाहत ती उभी होती. माघ महिना होता, तरी झाडं कमरेएवढी आणि एकेक वांगं शेरभराचं. तिने वाकून मूठभर माती उचलली, चुरली, नाकाशी नेली.

“सोनं शे सोनं,” ती म्हणाली. “आसी माती आपला बठ्ठा गावमा नही.”

डाळीचं तर विचारूच नका. वस्तीच्या विहिरीच्या पाण्यात ती अशी शिजली की घोटायला रवी लागली नाही. आम्ही शेतकऱ्याची माणसं. माती चांगली, पाणी चांगलं, मग आणखी काय पाहायचं असतं?

तिथेच एक बाई पाटीने मुरूम टाकत होती. सातपुड्याकडून मजुरीला आलेली, नाव मोतीबाई. नाना जरा पुढे गेले तशी ती माझ्याजवळ आली.

“दादा, हाई हिरीनं पाणी पेवानं नही,” ती हळूच म्हणाली.

मला वाटलं, काही मागायला आली असेल. पायांत चप्पल नाही, अंगावर धुळीने माखलेलं लुगडं, आणि मला पाणी शिकवते.

“तू तुन्हं काम कर,” मी म्हणालो. ती पाटी उचलून गेली.

यशोदेच्या पाटल्या मोडल्या आणि प्लॉट घेतला. दिवाळीपर्यंत घर उभं राहिलं आणि यशोदा पोरांना घेऊन राहायला आली. परसात मायने पावसाळ्यातच स्वतःच्या हाताने वांगी लावली होती. चंपाषष्ठीला आमच्या खंडोबाला भरीत-भाकरीचा नैवेद्य लागतो, आणि तोवर चार महिने आम्ही वांग्याला शिवत नाही. त्या दिवशी मायने कापसाच्या पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजली. जिनातली आठ-दहा माणसं जेवायला बोलावली होती. देवापुढे पान ठेवलं, मग सगळे जेवले. एकाने तिसऱ्यांदा भरीत मागून घेतलं आणि असलं वांगं धुळ्यात मिळत नाही म्हणाला. माय त्या दिवशी जिंकल्यासारखी दिसत होती.

पुढच्या आठवड्यात म्हशीसाठी गोठा घालायचा म्हणून परसात खड्डे घ्यायला मजूर लावले. त्यांत मोतीबाईही होती. दोन हात खाली गेल्यावर पहार मऊ लागली. वरची माती आणि मुरूम संपला होता. खाली काळा, ओला, चिकट थर होता आणि त्यातून असा भपकारा आला की मजूर नाकाला फडकी लावून बाजूला झाले. फुटकी मडकी निघाली, चिंध्या निघाल्या, कसलीतरी हाडं निघाली. मी कुंपण धरून ओकलो.

मोतीबाईने पहार खाली ठेवली. अख्ख्या गावाचा मैला गाड्या भरून इथे यायचा, चर खणून त्यात पुरायचे, त्याचं सोनखत व्हायचं. दोन वर्षांपूर्वी मैला दुसरीकडे जाऊ लागला आणि नानांनी वरून सोनखताची माती आणि मुरूम पसरला. तो मुरूम टाकायला तीच होती. हे सगळं तिने मला शांतपणे सांगितलं.

“मी सांगत व्हती दादा,” ती म्हणाली. “तुम्हीच बोलू दिधं नही.”

उसाला सोनखत घालतात हे मलाही ठाऊक होतं. पण त्यावर चूल मांडायची, त्यातून झिरपलेलं पाणी पोरांना पाजायचं, आणि देवाला त्याचं पान वाढायचं? मायने त्या दिवशी कडुनिंबाच्या पाल्याने दहा वेळा तोंड धुतलं. मग देव्हाऱ्यापुढे बसली आणि देवाला काय सांगू, काय सांगू, एवढंच पुटपुटत राहिली. वांग्याची झाडं तिने मुळासकट उपटायला घेतली होती. मी तिला थांबवलं. का थांबवलं ते तेव्हा मलाही नीट कळलं नव्हतं.

मी तणतणत नानांकडे गेलो. त्यांचा वाडा मेहरूणच्या वाटेला, चांगल्या हवेत. त्यांनी मला पाट दिला, पाणी दिलं. ते पाणी मी घटाघटा प्यालो, याचीही मला आता किळस येते.

“निंबाभाऊ, तुम्ही माती कशी आहे ते पाहिलं,” ते म्हणाले. “तिने काय खाल्लं ते विचारलं नाही. आता असं करा, विकून टाका. धुळ्याहून रोज कुणी ना कुणी येतंय. वस्ती वाढती आहे.”

मी त्यांच्या तोंडावर थुंकायला हवं होतं. मी विचार करत घरी आलो.

महिनाभरात पेढीने धुळ्याहून आणखी एक माणूस बोलावला. अभिमन, माझ्यापेक्षा आठ वर्षांनी लहान, सरळ स्वभावाचा. मीच त्याला घरी बोलावलं. तो बायकोला, प्रमिलाला, घेऊन आला. तिच्या कडेवर सहा महिन्यांची मुलगी होती. गोठ्याचे खड्डे मी केव्हाच बुजवले होते. वर कोरडा मुरूम होता, आणि वांगी अजून भरात होती.

अभिमनने माती उचलली, चुरली, नाकाशी नेली. अगदी मायसारखीच. त्याचा चेहरा खुलला. पण तो माझ्यापेक्षा हुशार निघाला. माती हातातच ठेवून त्याने मला विचारलं, “भाऊ, आधी आठे काय व्हतं?”

माय ओसरीवर सूप घेऊन बसली होती. तिचे हात थांबले. कुंपणापलीकडून मोतीबाई पाटी घेऊन चालली होती, तीही थांबली आणि माझ्याकडे पाहू लागली. तिने तोंड उघडलं.

“तू तुन्हं काम कर,” मी तिला म्हणालो. मग अभिमनकडे वळलो. “शेत व्हतं.”

मोतीबाई गेली. मी चार मोठी वांगी तोडली आणि प्रमिलाला दिली. तिने ती माहेरची भेट घ्यावी तशी दोन्ही हातांनी पदरात घेतली. मुलगी वांग्याच्या देठाशी खेळू लागली आणि तो तोंडात घालू लागली. मी दुसरीकडे पाहिलं.

ती मंडळी गेल्यावर मायने सूप भिंतीला लावलं आणि आपलं गाठोडं बांधलं. जाताना माझ्या हातचं पाणीही घेतलं नाही. मी गाडीपर्यंत सोडायला निघालो, तिचं गाठोडं धरायला गेलो, तसा तिने हात मागे घेतला.

“मातीले वास नव्हता रे,” ती म्हणाली. “तुन्हा हातले येस.”

घर अभिमनने घेतलं, आणि आम्ही आता जुन्या गावातल्या त्या बोळात राहतो. ओट्यावरचे म्हातारे अजून आहेत. यशोदा पहाटे डाळ चुलीवर ठेवते, दुपारपर्यंत ती शिजत नाही. मी कच्चीच खातो. जिनावर जाताना रोज अभिमन भेटतो. त्याची मुलगी सारखी आजारी असते. परवा म्हणाला, भाऊ, पाणी तर चांगलं शे, डाळ लोण्यासारखी शिजते, मग काय झालं असेल?

मी त्याला डॉक्टरचा पत्ता दिला.