भट्टीजवळचं पथ्य

धाकट्या भावाच्या, बारक्याच्या, दोन्ही किडन्या निकामी झाल्या, तेव्हा ताईने मागचापुढचा विचार न करता डॉक्टरांना सांगून टाकलं, माझी एक घ्या. रक्तगट जुळला, बाकीच्या तपासण्याही जुळल्या. मग डॉक्टरांनी तिला वजनकाट्यावर उभं केलं. एवढ्या वजनावर शस्त्रक्रिया तिच्याच जिवावर बेतेल, शिवाय साखरही काठावर आहे, असं त्यांनी समजावलं. आधी वजन उतरवा, मग बघू.

आहारतज्ज्ञ बाईंनी सोपं करून सांगितलं. पाव, भात, बटाटा, साखर बंद. अंडी, मासे, पनीर, पालेभाजी चालू. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि ती म्हणाली, "बाई, माझी बेकरी आहे."

माशाला पाण्यात राहा पण भिजू नको म्हणावं, तशातली गत. रोज पहाटे भट्टीतून पहिला पाव निघाला की ताई तो मोडायची, लोणी लावायची आणि उभ्याउभ्याच फस्त करायची. चव बघायला म्हणून. तिच्या नवऱ्याला सगळे मालक म्हणत, पण मालकी कुणाची हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. त्यांनी सुचवलं, तू घरी बस, भट्टी मी बघतो. ताई म्हणाली, घरी स्वयंपाकघर आहे, तिथे काय माझे हात बांधून ठेवणार आहात?

पहिले काही दिवस डोकं ठणकायचं, पायांत गोळे यायचे. एका गिऱ्हाइकाने केकवर थोडं जास्त क्रीम मागितलं, तर ती अशी खेकसली की तो केक तिथेच ठेवून निघाला आणि मालक डबा घेऊन त्याच्यामागे धावले.

त्याहून मोठी पंचाईत चवीची होती. ताईची जीभ बाद झाल्यावर पावाची परीक्षा करणार कोण? मालकांना गोड आणि फार गोड एवढंच कळायचं. मग तिने बारक्याला बोलावलं.

बारक्या घड्याळं दुरुस्त करायचा. डायलिसिस सुरू झाल्यापासून त्याची अन्नावरची वासनाच उडाली होती. सदरा अंगावर टांगल्यासारखा दिसायचा. कमी मिठाचा साधा पाव त्याला चालेल, हे ताईने डॉक्टरांना विचारून घेतलं. तो पिठाच्या पोत्यावर येऊन बसला, चिमूटभर तुकडा तोंडात टाकला आणि बरा आहे म्हणाला.

"बरा आजारी माणूस होतो," ताई म्हणाली. "पाव कसा आहे ते सांग."

मग तो लक्ष देऊन चावायला लागला. साल कडक झाली, आत ओल राहिली, आज आच कमी पडली, असं सांगायला लागला. तुकड्याचा काप झाला, कापाचे दोन झाले. शेजारी ताई उकडलेली अंडी खात त्याच्या तोंडाकडे बघत बसायची. हळूहळू त्याच्या गालांवर मांस दिसू लागलं आणि ताईच्या ॲप्रनची नाडी कमरेला दोन वेढे घेऊ लागली. मालक म्हणाले, घरातलं वजन तेवढंच आहे, नुसतं फिरतंय.

आणि मग काटा अडला. आठवड्यामागून आठवडे गेले, तरी तो जागचा हलेना. एका दुपारी दुकान रिकामं असताना ताईने भट्टीच्या आडोशाला एकामागून एक गोड बन खाल्ले. बारक्या आला तेव्हा तिच्या हनुवटीला साखर होती. तिला रडूच फुटलं. "तुझा जीव माझ्या जिभेवर टांगलाय," ती म्हणाली, "आणि मी ही अशी."

बारक्याने तिला पोत्यावर बसवलं. "ताई, माझ्यासाठी करू नकोस. मग प्रत्येक घास तुला चोरीचा वाटेल. काल हे पोतं तू उचलून आणलंस आणि तुला दम लागला नाही. त्याच्यासाठी कर."

ताईच्या ते ध्यानातच आलं नव्हतं. तिने हनुवटी पुसली. दुसऱ्या दिवशी ती आहारतज्ज्ञ बाईंकडे गेली, सगळं कबूल केलं. बाई रागावल्या नाहीत. पनीर चालतं म्हणजे परातभर चालतं असं नाही, एवढं मात्र त्यांनी हसत सांगितलं. तेव्हापासून ताई बारक्यासोबत डायलिसिसला चालत जाऊ लागली आणि काटा पुन्हा खाली सरकू लागला.

शेवटी डॉक्टरांनी होकार दिला. शस्त्रक्रियेच्या दिवशी मालक दवाखान्याच्या बाकावर न हलता बसून होते. नर्स बाहेर आली आणि म्हणाली की दोघं सुखरूप आहेत, नवीन किडनी लगेच कामाला लागली, लघवीची पिशवी भरतेय. मालकांना आनंदाने काही सुचेना. त्यांनी ताईच्या आत्याला फोन लावला आणि ओरडून सांगितलं, "झाली, झाली!" आत्याला कमी ऐकू यायचं. तिने विचारलं, मुलगा की मुलगी?

मालकांनी हे ताईला सांगितलं, ती शुद्धीवर आल्यावर. टाके दुखतात म्हणून तिने पोट दाबून धरलं, पण हसू काही थांबेना. पडद्यापलीकडून बारक्याचाही आवाज आला. तोही हसत होता आणि मालकांना गप्प बसायला सांगत होता.