हिड्डेची तपासणी

सीत्से होकेमा फार गोल करणाऱ्यांतला नव्हता. मधल्या फळीत उभं राहायचं, समोरच्याच्या पायातला चेंडू काढून घ्यायचा आणि आपल्या वेगवान पोरांकडे सरकवायचा, एवढंच त्याचं काम. पण ते तो इतकं निमूट आणि चोख करायचा की फ्रीसलंड प्रांतातल्या त्याच्या फुटबॉल क्लबाने त्याला कर्णधार केलं. एकदा राष्ट्रीय संघाच्या सरावालाही बोलावणं आलं. आणि मग जानेवारीतल्या एका सामन्यात, कुणाचा साधा धक्काही लागलेला नसताना, तो तोंडावर कोसळला.

डॉक्टरांनी तिथेच, ओल्या गवतावर, त्याचं हृदय पुन्हा चालू केलं. नंतर कळलं की हृदयाच्या स्नायूत दोष आहे, वडिलांकडून आलेला, आणि जितकं पळावं तितका वाढणारा. वडील तरुणपणीच झोपेत गेले होते. तेव्हा गावाने सिगारेटला दोष दिला होता. सीत्सेच्या छातीत यंत्र बसवलं, हृदय चुकलं की आतून धक्का देणारं. एकोणतिसाव्या वर्षी त्याचा खेळ संपला.

धाकटा हिड्डे तेव्हा शेजारच्या प्रांतात, दुसऱ्या क्लबाकडून, भावाच्याच जागी खेळायला लागला होता. डॉक्टर म्हणाले, त्याचीही सगळी तपासणी करून घ्या. हिड्डेने आईला, दोघं भाऊ तिला मेम म्हणत, फोन करून सांगितलं, “केली, मेम. काही निघालं नाही.” त्या दिवशी मेम खुर्चीत बसून मोठ्याने रडली.

वसंतात सीत्से त्याचा सराव बघायला गेला. एका लांब धावेनंतर हिड्डे वाकला, गोलच्या खांबाला धरून उभा राहिला आणि कुणी पाहिलं का म्हणून त्याने हळूच मागे बघितलं. त्याला घरी नेताना सीत्सेने कालव्याकाठी गाडी थांबवली.

“डोळ्यांपुढे अंधार येतो ना?”

“सकाळी खाल्लं नव्हतं रे काही.”

“मला शिकवतोस? मीपण प्रशिक्षकाला हेच सांगायचो. कुठल्या डॉक्टरने तपासलं तुला?”

हिड्डे खिडकीबाहेरच्या गायींकडे बघत राहिला. “गेलोच नाही मी.”

“मेमशी खोटं बोललास?”

“मग काय करू? तुझ्यासारखा घरी बसू? दिवसभर काय करतोस तू, सांग ना. कुत्रं फिरवतोस. टीव्हीवर सामना लागला की उठून स्वयंपाकघरात जातोस. मेलेलाच आहेस तू, फक्त वेळेवर जेवतोस.” त्याचा आवाज फाटला. “मेलो तर मैदानात मरेन. बघवत नसेल तर नको येऊस.”

“मी मेलोय मैदानात,” सीत्से म्हणाला. “तिथे काही नसतं, हिड्डे.”

“कुणाला सांगितलंस तर भाऊ नाहीस तू माझा.”

सीत्सेने आठवडाभर तोंड उघडलं नाही. झोप मात्र उडाली. हिड्डेने पहिला गोल केला तेव्हा आपल्याला आनंदाआधी मत्सर वाटला होता, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. हिड्डेच्या क्लबच्या डॉक्टरांना फोन लावताना आपण हे निव्वळ पोराच्या जिवासाठीच करतोय, असं त्याला छातीवर हात ठेवून म्हणता आलं नसतं. तरी त्याने सांगितलं.

तपासणीत तोच दोष निघाला. क्लबने पुष्पगुच्छ देऊन हिड्डेला निरोप दिला. छातीत यंत्र बसवून घ्यायला त्याने नकार दिला आणि ग्रोनिंगनला जाऊन एका गोदामात कामाला लागला. भावाचा फोन तो उचलत नसे. मेमच्या हातचं वाटाण्याचं सूप प्यायलाही सीत्सेची गाडी दारात नसेल तेव्हाच यायचा. शनिवारी हौशी लोकांच्या संघात खेळतो, हे त्याने मेमलाही कळू दिलं नाही.

ऑक्टोबरात तिथेच तो पडला. गावाबाहेरचं मैदान, ना डॉक्टर, ना धक्क्याचं यंत्र. रुग्णवाहिका येईपर्यंत सगळं आटोपलं होतं.

क्लबात असता तर बाजूला डॉक्टर असता, हा विचार सीत्सेला शवपेटी उचलतानाही सोडत नव्हता. मेमने फक्त त्याच्या कोटाचं वरचं बटण लावलं, लहानपणी लावायची तसं.

दफनानंतर कॉफी प्यायला सगळे चर्चच्या दालनात जमले. हिड्डेच्या शनिवारच्या संघाचा कर्णधार, बोरिट नावाचा धिप्पाड सुतार, सीत्सेजवळ येऊन घुटमळला.

“आम्हाला खरंच काही माहीत नव्हतं हो. तो म्हणायचा, क्लबात जमलं नाही. माहीत असतं तर खेळू दिलं नसतं आम्ही.”

“तुमची चूक नाही.” सीत्सेने कप खाली ठेवला. “खेळायचा कसा?”

बोरिट गोंधळला. मग म्हणाला, “कसा? अहो, आम्ही सगळे ढेरपोटे. तो मध्ये उभा राहायचा आणि आम्ही त्याच्याभोवती धापा टाकायचो. शिव्या देऊन पळवायचा आम्हाला. हसायचा फार.”

“हसायचा?”

“फार.”

सीत्सेने शेजारची खुर्ची ओढली. “बसा,” तो म्हणाला, “आणखी सांगा.”