दाराआडचा रंग

रंगारीकाकांनी उभा जन्म लोकांची घरं उजळली, पण स्वतःच्या मागच्या खोलीला ब्रश लावायला त्यांना कधी सवड झाली नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो हाच. छातीच्या दुखण्याने त्याच खोलीत अंथरूण धरलं, तेव्हा तिथल्या काळवंडलेल्या भिंती त्यांच्या अंगावर येऊ लागल्या. डॉक्टरांनी काकूला बाजूला घेऊन सांगितलंच होतं, आता त्यांच्या मनासारखं होऊ द्या.

"या भिंती बघून बघून माझेच पोपडे सुटायला लागलेत," एका सकाळी ते म्हणाले.

"मग मी रंगवते. छान पिवळीधमक करते."

"पिवळीधमक नको गं बाई. खोली आहे, केळ्यांची गाडी नाही. बादली इकडे आण."

अंथरुणावर बसूनच त्यांनी रंग कालवला. पांढऱ्यात पिवळा, वर नावापुरता तांबडा. काठी दोनदा हातातून गळली. काकूने ती परत हातात दिली.

वासाने खोकला उसळेल म्हणून खाट बाहेरच्या खोलीत हलवली. तिथे उजेड बेताचाच. काकू आणि लेक त्यांना दोन्ही बाजूंनी धरून नेत होत्या, तेव्हा ते दारात थांबले, बादलीत तीन बोटं बुडवली आणि दाराआडच्या भिंतीवर ओढली. प्रत्येक घरी ते असंच करत.

"जिथे कुणाचं लक्ष जात नाही, तिथे आधी चूक करून घ्यावी," ते म्हणाले. "ओला रंग खोटं बोलतो. वाळला की खरं सांगतो."

काकूने भिंतींना रंगाचा पहिला हात दिला. ती तीन बोटं मात्र राखली, त्यांच्या कडेकडेने ब्रश फिरवला. दुसऱ्या दिवशी भिंत वाळली आणि खोलीत कोवळं ऊन येऊन बसल्यासारखं झालं. काकूला दम धरवेना.

"अहो, चला ना आत. बघा तरी."

"दुसरा हात झाला?"

"बाबा, पुरे आहे तेवढं," लेक म्हणाली.

"एक हात म्हणजे अर्धी भिंत. लोकांना कधी दिली नाही, ती मला देता होय? आधी पॉलिश पेपरने घासून घे, मग रंग. आणि दाराआड चोरी करू नकोस. सगळे तिथेच करतात."

काकूने मान डोलावली. जन्मभर त्यांचा शब्द मोडला नव्हता, आता काय मोडायचा? एका दिवसाने असं काय होणार होतं.

लेक औषध आणायला गेली होती; काकू घासत राहिली. मधूनमधून विचारी, "बरं आहे ना?" बाहेरून "हं" येई. दाराआड त्या तीन बोटांपाशी पोचली तेव्हा क्षणभर हात अडखळला. मग "चोरी करू नकोस" आठवलं, आणि तिने तीही जागा घासून त्यावर रंग ओढला. पुढच्या हाकेला "हं" आला नाही. झोप लागली असेल, असं समजून तिने उरलेला कोपरा आवाज न करता संपवला.

हात पुसून बाहेर आली, तेव्हा ते गेले होते.

शेजारीपाजारी जमले. लेक भिंतीला टेकून बसली होती. काकू एवढंच म्हणाली, "त्यांना आत ठेवायचंय."

"काकू, पुन्हा बाहेरच आणायचं ना," शेजारी हलक्या आवाजात म्हणाला.

काकूने आत जाऊन भिंतीला तळवा लावला. "ओला आहे अजून. थांबा थोडं."

कुणी वाद घातला नाही. रंग वाळेपर्यंत माणसं बसून राहिली. मग त्यांना आत नेऊन ठेवलं. भिंतींचा उजेड त्यांच्या चेहऱ्यावर पडला. रंग त्यांच्या मनात होता तसाच उतरला होता.

काकूने उठून दार लोटलं आणि त्यामागच्या भिंतीवर बोटं फिरवली. खाली, वर, पुन्हा खाली. कुठेही काही हाताला लागलं नाही. भिंत गुळगुळीत होती, त्यांना हवी असायची तशी.