नकल पाठवू का?

पुढचं चाक ज्या ओतीव लोखंडाच्या तुकड्यावर वळतं, त्याला इंग्रजीत काय म्हणतात ते इंजिनियरांनी पाहावं. भंडाऱ्यापासून रायपूरपर्यंतचे मेकॅनिक त्याला नकल म्हणतात. तहसिलीतून सातबाराची काढतात ती नक्कल निराळी. पण आमच्याकडच्या जिभेला जोडाक्षराचा कंटाळा, म्हणून तीही नकलच. या दोन नकलांच्या मधोमध तृप्ती रामटेके सापडली.

तृप्ती भंडाऱ्याबाहेरच्या टेम्पोच्या कारखान्यात आलेला माल तपासायची. तिच्या होकाराशिवाय साधा बोल्टही लाइनवर जायचा नाही. नव्या छोट्या टेम्पोला आधीच तीन आठवडे उशीर झाला होता, आणि तोही एकट्या नकलेपायी. नकल यायची कारध्याच्या गोपीचंदच्या भट्टीतून. कधी त्याची भट्टी बिघडली, कधी भोकं वाकडी पडली. अखेर माल तयार झाला, तर त्यातले पाच नग नागपूरच्या प्रयोगशाळेत तपासणीसाठी अडकले. शुक्रवारी पाहुण्यांपुढे गाडी उभी करायची होती. साहेब रोज तृप्तीच्या टेबलाशी येऊन विचारायचे, "आलं का?" तिची नोकरी कंत्राटी, मार्चमध्ये कायम होण्याची आशा.

मंगळवारी दुपारी गोपीचंदचा फोन आला.

"बेटा, नकल आज पाठवू का? असली कागद परवा येते म्हणते नागपूरवाला."

रिपोर्टची प्रत आज आणि मूळ कागद परवा, असंच तिनं ऐकलं. जन्मभर दाखल्यांच्या रांगेत उभं राहिलेल्या कोणीही तसंच ऐकलं असतं.

"पाठवा ना काका, चालते," ती म्हणाली, आणि अर्धी सुट्टी टाकून घरी गेली. बहिणीला पाहायला पाहुणे येणार होते.

बुधवारी सकाळी ती स्टोअरमध्ये आली. बाबुलाल स्टोअरकीपर चहा पीत होता.

"गोपीचंदकाकाचा रिपोर्ट आला का?"

"कोणता रिपोर्ट? नकल आली ना. पेटीच आली काल चार वाजता."

"पेटी कुठं आहे?"

"पेटी कायले ठेवतो मी? तुमीच फोनवर चालते म्हणलं, गोपीचंदच्या माणसानं सांगतलं. साहेबानं लगेच बसवाले लावली. चिंधूभाऊ सकाळीच गाडी घेऊन गेले ट्रायलले. गोसीखुर्दपर्यंत, लोड टाकून."

खरं सांगायचं तर तृप्तीला पहिली भीती नोकरीची वाटली, माणसाची नंतर. ही गोष्ट तिनं पुढं कोणाला सांगितली नाही, पण स्वतःपासून लपवताही आली नाही.

तिनं गोपीचंदला फोन लावला. तो तिच्याहून घाबरलेला निघाला.

"तुलेच लावत होतो बेटा! नागपूरवाल्याचा आत्ताच फोन आला. पाचातल्या दोन नकलांत चीर आहे म्हणते. तुमच्यावाला माल बाजूले ठेव, बसवू नको देऊ."

"बसवली काका. गाडी गेली रस्त्यावर."

तो म्हणाला, "पण तूच तं चालते म्हणली!"

"मी कागदाचं म्हणलं होतं."

"अरे देवा. मी लोखंडाचं म्हणलं होतं."

चिंधूभाऊंना फोन करायची सोय नव्हती. नव्या गाडीचा फोटो बाहेर जाऊ नये म्हणून ट्रायलच्या ड्रायव्हरचा फोन गेटवर जमा करत. तृप्ती साहेबांच्या केबिनपर्यंत गेली. आतून साहेबांचा हसण्याचा आवाज आला. फोनवर कोणाला तरी शुक्रवारचं आमंत्रण देत होते. दाराला हात लावून ती तशीच मागं फिरली, स्कूटी काढली आणि निघाली.

वैनगंगेचा पूल ओलांडून कारध्याला पवनीचा रस्ता फुटतो. परतीची गाडी त्याच रस्त्यानं येणार, आणि पुलावर चढण्याआधी तिथंच काटकोनात वळणार. वळताना सगळा भार नकलेवर येतो, हे तृप्तीला पाठ होतं. गाडीनं ते वळण गाठता कामा नये. मोटारसायकल घेऊन गोपीचंद फाट्यावर उभाच होता. तो तिच्या मागं लागला. दोन्हीकडं उन्हाळी धानाची रोवणी चालली होती. रस्त्यात कुठं माणसं जमलेली दिसली की ती वेग कमी करून वाकून पाहायची. एकदा पानठेल्यावरची गर्दी पाहून तिला रडूच आलं. गर्दी नुसती तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटायला जमली होती.

पहेल्याच्या अलीकडं गाडी दिसली. नव्या गाडीचं तोंड झाकायला लावलेलं काळं कापड दुरूनच ओळखू येत होतं. तृप्तीला हातवारे करून ओरडावंसं वाटलं. पण चिंधूभाऊ दचकून ब्रेक दाबतील, स्टिअरिंग ओढतील, आणि टळू शकणारं तिच्याच डोळ्यांसमोर होईल. तिनं स्कूटी कडेला लावली. बाजाराला निघालेल्या बाया टेम्पोला दाखवतात तसा एक हात सावकाश पुढं केला. गाडी हळूहळू सरळच येऊन थांबली.

चिंधूभाऊ खाली उतरले ते हात जोडूनच.

"मॅडम, चुकी झाली. लिहून नका देऊ. दोन वर्षं राहिले रिटायरले."

तृप्तीला काही कळेना. तेवढ्यात मागच्या ताडपत्रीतून एक बाई उतरली, मग दुसरी, तिसरी. रोवणीच्या बाया, पोटऱ्यांपर्यंत चिखल, रेतीच्या पोत्यांवर बसून आलेल्या. तृप्ती मोजत राहिली. अकरा.

"पहेल्याचं वावर आटोपून पुलापल्याडच्या वावरात जाच्या होत्या," चिंधूभाऊ म्हणाले. "बायको आहे माही त्याच्यात. मले मनाई करता नाही आली."

"काहून उतरवलं वो आमाले?" एकीनं तृप्तीलाच फैलावर घेतलं. "मालक उभा असन तिथं वाट पाहत!"

गोपीचंद कोणाकडं न पाहता चाकाशी बसला. फडक्यानं नकलेवरचं ग्रीस पुसून त्यानं डिकीतल्या बाटलीतलं रॉकेल चोळलं, ते कोरडं पुसलं आणि वर खडू घासला. भट्टीवाल्यांची ही जुनी तपासणी: चीर असेल तर आत शिरलेलं रॉकेल खडूवर उमटतं. सगळ्या बाया वाकून पाहू लागल्या. थोड्या वेळानं पांढऱ्यावर एक काळी रेघ उमटली, केसाएवढी बारीक. चाक तोलणाऱ्या नकलेच्या मानेच्या अर्ध्यापर्यंत गेली होती.

"हे काय व्हय?" चिंधूभाऊंच्या बायकोनं, वच्छलाबाईनं विचारलं.

चिंधूभाऊंनी चाळीस वर्षं गाड्या चालवल्या होत्या. त्यांना कोणी समजावून सांगावं लागलं नाही. ते शेताच्या धुऱ्यावर, बांधावर जाऊन बसले आणि हातानं तोंड झाकून घेतलं. "चाक निंघालं असतं," ते म्हणाले. "पुलावर निंघालं असतं तं सप्पा जणं नदीत."

बाया गाडीपासून मागं सरकल्या.

"नातीले आणाचं होतं आज संगं," वच्छलाबाई हळूच म्हणाली. "तिले ताप आला म्हून घरी ठेवली." मग तिनं तृप्तीकडं पाहिलं. "कोणं लावलं वो बाई हे?"

गोपीचंदनं मान वर केली. बोलण्यातली चूक होती, दोघांची होती, सांगायला कितीतरी होतं. त्याच क्षणी तिच्या पर्समधला फोन वाजला. साहेबांचा होता.

"कुठं आहेस तू? गाडी का नाही आली अजून?"

"गाडी नाही येणार, सर. क्रेन पाठवा. शुक्रवारीही गाडी उभी नाही राहणार." तिनं आवाज वाढवला, त्या अकराही जणींना ऐकू जावा म्हणून. "नकलेत चीर आहे. कागद न पाहता ती मी पास केली. मीच केली, सर."