पुढे सरकलेली पाळ

कोटाच्या खिशात बोटांना ते लागले... करंगळीएवढे जाड, दोनदा वळलेले, मध्ये गुळगुळीत, आणि जे टोक छातीशी जुळायचे तिथे मात्र खडबडीत, अपुरे. दुधराम डॉक्टरची बोटे तिथेच थांबली. खांद्यापासून गळ्याकडे येणारे हे हाड देहात सर्वांत उशिरा पुरे होते. हे झाले नव्हते. वैद्यकशाळेत शिक्षकांनी त्याच्याच डब्यातून हे आणि कमरेचे हाड काढून विचारले होते, कोणाचे? आणि एकोणीस वर्षांचा दुधराम न अडखळता म्हणाला होता : स्त्री, वय अठराच्या आसपास. शिक्षक खूश झाले होते.

समोर गावातला उमराव कुदळ चालवत होता. खड्ड्याच्या काठावर मोठी माय, दुधरामच्या वडिलांची थोरली भावजय मनकर्णाबाई, पांढरे कोरे कापड मांडीवर घेऊन बसली होती. यंदा तलावाची पाळ दोन हात उंच व्हायची होती. पावसाळ्यात पाणी या जागेवर येणार. देवीच्या रोगाने गेलेल्यांना गावाने कधी अग्नी दिला नव्हता—देहात माता असते, तिला कसे जाळायचे?—ती सारी माणसे इथे पुरलेली होती, आणि आता जो तो आपापल्या माणसाची हाडे काढून वैनगंगेला नेत होता. मोठ्या मायने गोंदियाला निरोप धाडला होता : आपल्या लेकीची, जमुनाची हाडे दुधरामनेच मोजून घ्यावीत, एकही मागे राहता कामा नये.

"डॉक्टरले सावलीत बसवा बाप्पा," उमराव म्हणाला, "गोंद्याची हवा लागली त्याले."

"तू खोद गा," मोठी माय म्हणाली. "त्याले सप्पा हाडं पाठ आहेत, तुले एक तरी येते का?"

पाठ आहेत. सात वर्षांपूर्वी, असाच वैशाख, भर दुपार, गाव दारे लावून पडलेले, आणि तो इथे एकटा, हातात घरचीच कुदळ. वसतिगृहात हाडांचा एकच संच, त्याच्यापर्यंत तो पोचेतो दिवे मालवत. पटकीने मेलेला एक बैरागी, मागे ना गोत ना गाव, पाळीकडून तिसऱ्या दगडाखाली पुरलेला आहे हे त्याला ठाऊक होते. त्याने तीन दगड मोजले. पण ही कोहळ्यांची, पिढ्यान्‌पिढ्या तलाव बांधत आलेल्यांची पाळ. दर उन्हाळ्यात गाव तिच्यावर माती चढवते, सहाव्या वर्षापासून त्याने स्वतः टोपल्या वाहिल्या, आणि चढवलेली माती उतरत उतरत पाळीचा पाय पुढे सरकतो. पहिला दगड केव्हाच तिच्या पोटात गेला होता. त्याने तिसरा म्हणून हलवला तो चौथा होता.

चूक. मोजण्यातली साधी चूक... इतकी वर्षे तो इथवर येऊन थांबत आला. आज तो मनाशी पुढे बोलला : पण बैरागी पुरुष होता. खोलीत कंदिलाजवळ कमरेचे हाड हातात धरले त्या संध्याकाळीच मला कळले होते की हे बाईचे आहे. चौथा दगड कोणाचा, एवढे एक पत्र घरी टाकायचे होते. मी टाकले नाही. मी दौत उघडली, स्नायू जिथून निघतो तिथे तांबडी रेघ, जिथे पोचतो तिथे निळी, आणि रेघांखाली ते हाड कोणाचेही उरले नाही. दुधराम तेरा वर्षांचा असताना गेलेली चुलत बहीण—याच तलावात तिने त्याला पोहायला शिकवले होते—तिचे खांदे त्याने पाठ केले, नव्याने, लॅटिन नावांनी.

कुदळीला घट्ट पिवळी माती लागली. तिच्याखाली कोणी कधी खणलेच नव्हते. उमरावने हाताने चाचपून पाहिले, मग कपाळ पुसले.

"काईच नाई, माय. तरसानं नेलं असन."

आता वाकावे, माती उपसण्याच्या निमित्ताने मूठ उघडावी... पण हाडावरची शाई सात वर्षांत पुसली गेली नव्हती. आणि हे एकच. उरलेली जमुना गोंदियाच्या दवाखान्यात, खाटेखालच्या पत्र्याच्या पेटीत.

मोठ्या मायने खड्ड्यात वाकून पाहिले. मग शांतपणे म्हणाली, "मातेनं नेली तिले. हाडासकट. लयच आवडली असन." तिने मान वर केली. "तू शिकलेला आहेस गा. असं होते का?"

होते, म्हटले की ती हलकी होऊन घरी जाईल. नाही म्हटले, तर नदीपर्यंत न्यायला तिला मुलगी मिळेल, आणि पुतण्या राहणार नाही. तिची नजर आता खड्ड्यावर नव्हती. ती त्याच्या चेहऱ्यावर होती, आणि तिच्यात श्रद्धेपेक्षा विनवणी अधिक होती—की संशय? उमराव कुदळीच्या दांड्यावर रेलून थांबला होता. दुधरामला वाटले, अपराध उकरण्याचा होता असे आपण समजत आलो; प्रत्येक हाडाला नाव दिले, आणि एकच नाव सात वर्षे तोंडातून काढले नाही.

"जमुनाबाई..." तो म्हणाला, थोरल्या बहिणीला लहानपणी मारायचा तीच हाक, आणि दचकला, आवाज डॉक्टरचा नव्हता. सगळे सांगून झाल्यावर पुढे काय येणार हे त्याला ठाऊक नव्हते. भीती होतीच, पण ती आता त्याच्या आड उभी नव्हती, शेजारी होती. आणि मोठी माय कापडाची घडी हातात धरून ऐकत होती.